गंज किती चढला

खाण बंद होऊन काही वर्षं झाली आणि मग आमच्या चिंचघाटात रसायनशास्त्राचा वर्ग सुरू झाला. वर्गात आम्ही बाया, खाणीतून घरी बसलेले काही म्हातारे, आणि फळ्यापाशी मृण्मयी केळुसकर. ती वेंगुर्ल्याकडची. ऊर्जा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. पदवी मिळण्याआधी काही महिने एखाद्या गावच्या बॅटरीघरावर काढायचे, बॅटरी सांभाळायची आणि ती सांभाळण्यापुरतं रसायनशास्त्र गावाला शिकवायचं, असा त्यांच्या कॉलेजचा नियम होता. वेंगुर्ल्याची पोर विदर्भाच्या टोकाला आली, ती अशी.

बॅटरीघर नाल्यापलीकडे होतं, खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यावर. आमच्या माणसांनी जी माती उपसून कोळसा काढला, तिच्यावर आता सौर पाट्या पसरल्या होत्या. त्यांच्या मधोमध एक लांब शेड, आणि शेडमध्ये लोखंडाच्या बॅटऱ्यांच्या ओळी. दिवसा ऊन साठवायचं आणि ऊन नसेल तेव्हा ते गावाला पुरवायचं, एवढंच बॅटरीचं काम. पण एकदा भरली की ती गावाला आठवडाभर पुरायची.

लोखंडापासून वीज घेण्याची कल्पना जुनी आहे, असं मृण्मयी सांगायची. फक्त ती टिकत नव्हती. अशा बॅटरीला हवा लागते, आणि हवेबरोबर कार्बन डायऑक्साइड आत शिरतो. बॅटरीच्या पाण्यात तीव्र अल्कली असते, तिच्याशी त्याची गाठ पडली की पांढरा क्षार धरतो आणि हवेची वाट बुजते. मग कोणीतरी एक पापुद्रा तयार केला. तो ऑक्सिजनला आत सोडतो आणि कार्बन डायऑक्साइडला दारातून परत पाठवतो. तेवढ्या एका पापुद्र्याने सगळं बदललं. लोखंड स्वस्त, पाणी स्वस्त, हवा फुकट. गावोगाव बॅटरीघरं उभी राहिली.

बॅटरीघर इतकं भरवशाचं निघालं की काही वर्षांत शहराकडून येणारी मोठी लाईन काढून नेली. खांब गेले, तारा गेल्या. दवाखान्याचं डिझेल जनरेटर भंगारात गेलं. तेव्हा कोणाला त्याचं काही वाटलं नाही. मलाही नाही.

वर्गात मृण्मयीने पहिल्या दिवशी लोखंडाचा खिळा हातात धरला.

"हे लोखंड," ती म्हणाली, "मनातून कधीच एकटं राहायला तयार नसतं. हवेतल्या ऑक्सिजनशी जोडी जमवायची हेच त्याच्या डोक्यात. जोडी जमताना लोखंड आपले इलेक्ट्रॉन सोडतं आणि ऑक्सिजन ते घेतो. हे इलेक्ट्रॉन थेट या हातातून त्या हातात गेले तर आपल्याला काही मिळत नाही. म्हणून आपण दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवतो आणि मधे तार टाकतो. इलेक्ट्रॉनना तारेतूनच जावं लागतं. तीच वीज."

"म्हणजे लग्न लागते, पण वरात आपल्या गल्लीतून काढाची," बेबी ढेंगळे म्हणाली.

बेबी बॅटरीघरावर कामाला होती. सकाळी जाऊन पाणी पाहणं, काचेच्या झरोक्यातून पत्रे पाहणं, शेड झाडणं, ही तिची कामं. जीभ तिखट. मृण्मयीला तिचं हे लग्न इतकं आवडलं की पुढे सगळा धडा त्यावरच चालला.

"आणि मग सूर्याची वीज कायले लागते?" म्हाताऱ्यांपैकी एकाने विचारलं.

"काडीमोड करायला. वीज उलटी सोडली की ऑक्सिजन बुडबुडे होऊन निघून जातो आणि लोखंड परत मोकळं होतं. दुसऱ्या लग्नाला तयार."

"काडीमोडीले लग्नापेक्षा जास्त लागत असंन."

"जवळजवळ दुप्पट," मृण्मयी म्हणाली. "तेवढं आपण सूर्याकडून घेतो, तो मोजत नाही. पण घाई केली तर आणखी एक होतं. काडीमोड करताना थोडं पाणीही फुटतं, त्यातला हायड्रोजन उडून जातो. म्हणून चार्जिंग झालं की बॅटरीत पाणी घालावं लागतं."

मग तिने फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि वाचून दाखवलं: वीज देताना गंज चढतो, वीज घेताना गंज उतरतो. मला अक्षरं उशिरा आली, वाचायला वेळ लागतो. पण हे वाक्य मी बोट न धरता वाचलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिने विचारलं, समजलं का, आणि आम्ही म्हटलं, समजलं.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं.

वासुदेव निखाडे, माझे मालक, खाणीत पंपावर होते. खाण बंद झाली त्याआधीच त्यांची किडनी बंद झाली. रक्त धुण्यासाठी, म्हणजे डायलिसिससाठी, आम्ही आठवड्यातून अनेकदा जीपने चंद्रपूरला जायचो. अंधारात निघायचं, दिवस तिथे घालवायचा, अंधारात परत. पिळून वाळत घातलेल्या धोतरासारखे ते घरी यायचे. त्यांच्यासोबत त्याच जीपमध्ये नामदेव ठेंगणे यायचे. एकदा परतताना रेल्वे फाटक बंद होतं, आणि फाटक उघडेपर्यंत नामदेवभाऊ गेले. ह्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून गेले. जीप सुरू झाली तेव्हा हे म्हणाले, "त्याले झोपू द्या." माहीत असून म्हणाले.

बॅटरीघर आलं आणि वर्षाच्या आत आमच्या आरोग्यकेंद्रात डायलिसिसचं छोटं मशीन आलं. कपाटाएवढं. आपलं पाणी आपणच गाळतं. त्याला फक्त काही तास न तुटणारी वीज लागते, आणि ती आमच्याकडे होती. ज्या दिवशी पहिल्यांदा सिस्टर शेवंता आत्राम यांनी त्यांना त्या मशीनला जोडलं, त्या दिवशी हे म्हणाले, "आता मी नाला ओलांडणार नाही. मशीन चाललं तोवर चाललं. बंद पडलं तर मी पण थांबतो. रस्त्यावर मरणार नाही."

मशीन चालत होतं, तेव्हा बोलायची गरज नव्हती.

भाद्रपदात झड लागली. आमच्याकडे झड म्हणजे दिवसेंदिवस थांबून थांबून पडणारा पाऊस, आणि मधे ऊन नाही. पण यंदाची झड उठायलाच तयार नव्हती. सौर पाट्यांवर नुसता उजेड पडत होता, ऊन नाही. गावाने आपणहून वीज कमी केली. पीठगिरणी थांबली, पंखे बंद झाले, टीव्ही कोणी लावेना. "वासुदेवभाऊच्या मशीनले राहू द्या," असं लोक एकमेकांना सांगत. मला ते ऐकून बरंही वाटे आणि ओशाळवाणंही.

मग ढिगाऱ्यावर वीज पडली. बॅटऱ्या वाचल्या, पण हिशेबाची पेटी जळाली.

ही पेटी काय करायची ते मृण्मयीने मला तेव्हाच समजावलं. टॉर्चचा सेल संपत आला की उजेड मंद होतो, आपल्याला कळतं. लोखंडाच्या बॅटरीचं तसं नाही. तिचा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, अगदी शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतो. भरलेली असो की संपत आलेली, मीटर लावला तर आकडा तोच. म्हणून किती वीज आत गेली आणि किती बाहेर आली याचा हिशेब सतत ठेवणारी पेटी लागते. पेटी गेली की बॅटरीत किती उरलं ते सांगणारं कोणी नाही. एकच उपाय उरतो, झरोक्यातून लोखंडाचे पत्रे पाहायचे. राखाडी म्हणजे लोखंड अजून मोकळं. हिरवट, तांबूस म्हणजे संपलं.

"आणि संपलेली असताना ओढत राहिलं तर?" मी विचारलं.

"तर बॅटरी उलटी फिरते आणि ती ओळ कायमची जाते. मग ऊन पडलं तरी गावाला वीज नाही."

ज्या दिवशी ह्यांची पाळी होती, त्या दिवशी सकाळीच नाल्याला पूर आला. बेबी त्याआधीच पलीकडे गेली होती, ती तिकडेच अडकली. मृण्मयी अलीकडे, गावात. मोबाईलचा टॉवर बंद. एक जुनी गोष्ट मात्र चालू होती, खाणीच्या काळातला तारेचा फोन. त्याचं एक टोक बॅटरीघरात आणि दुसरं आरोग्यकेंद्राच्या ओसरीत. त्यात माणसाच्या आवाजापेक्षा खरखर जास्त.

आदल्या पाळीला कमी वेळच मशीन लावलं होतं, वीज वाचवायला म्हणून. ह्यांचे पाय सुजले होते, बोलताना दम लागत होता. सिस्टरने छातीला नळी लावून ऐकलं आणि मला बाजूला घेतलं.

"अंगातलं पाणी वर छातीत चढून राहिलं, अनुसयाबाई. आज मशीन लागलंच पायजे."

मृण्मयीने फोन लावला. मी ओसरीतच होते, ह्यांच्यासाठी भाताचं पाणी गरम करून आणत होते. मला फक्त तिची बाजू ऐकू येत होती.

"बेबीताई, गंज किती आहे? ... गंज, गंज. ... काय? पूर्ण? ... दोन्ही ओळींचा? ... वरपर्यंत? ... कधी चढला? ... बरं. ... नाही, काही करू नका. मेन स्वीच बंद करून ठेवा. मी सांगेपर्यंत चालू करू नका."

तिने फोन ठेवला. चेहरा असा झाला होता की मला वाटलं पलीकडे बेबीलाच काही झालं.

"काकू," ती म्हणाली, "बॅटरी संपली. काही उरलं नाही. मशीन सुरू केलं तर मधेच बंद पडेल. नळीतलं रक्त हाताने फिरवून परत द्यावं लागेल, आणि काकांची तब्येत अशी. मला तो धोका पत्करता येणार नाही. मी बोट मागवते. काकांना चंद्रपूरला हलवू."

मी ऐकलं ते असं: गंज भरला म्हणून बॅटरी संपली. मला अर्थ लागेना. वाटलं, पाणी जास्त झालं असेल, बॅटरी बुडाली असेल. एवढी शिकलेली पोर सांगते तर खरंच असणार. मी विचारलं नाही. तिच्याकडे पाहून विचारायचा धीर झाला नाही.

आत हे खाटेवर पडून सगळं ऐकत होते.

"बोट कायले?" ते म्हणाले.

"तुम्हाले न्यायले."

"मी सांगितलं होतं तुले."

"सांगितलं होतं. आता मी सांगून राहिली. खाटेला बांधून नेईन, पण नेईन."

"ने. बांध." त्यांना दम लागला, थांबले. "पुरात बोट, बोटीतून गाडी, गाडीतून... फाटक आहे अजून तिथे. बंद असते ते."

मी त्यांच्या पायांशी बसले. सिस्टर दाराशी उभी होती, ती बाहेर गेली. पावसाचा आवाज होता आणि त्यांचा श्वास.

मग ते म्हणाले, "अनू, माझं मी बोललो ते बोललो. आता तू सांग. तू जा म्हणशील तर जातो. थांबा म्हणशील तर थांबतो. तुझ्यावर."

इतकी वर्षं संसार केला, त्यांनी माझ्यावर असं काही सोपवलं नव्हतं. भांडले असते तर मी भांडून नेलं असतं. हे ओझं मला उचलेना. जा म्हणावं तर नामदेवभाऊंचं डोकं डोळ्यांपुढे येत होतं. थांबा म्हणावं तर ते मी कोणत्या तोंडाने म्हणणार. मी उठले. "पाणी निवलं, गरम करून आणते," म्हटलं आणि भांडं उचलून ओसरीत आले.

ओसरीत मृण्मयी भिंतीला टेकून रडत होती. आवाज न करता. बोटीसाठी आरोग्यकेंद्रातल्या सेलवरच्या वायरलेसवर निरोप गेला होता, बोट तासाभरात येणार होती. दार उघडं होतं, खाटेवरून ह्यांना ती दिसत होती.

"पोरी," ते आतून म्हणाले, "तू काहून रडतेस? मी तर अजून आहे."

"माझी चूक झाली, काका. मी आधी पाहायला हवं होतं. आज सकाळी बेबीताई म्हणतात गंज पूर्ण भरलाय, तेव्हा मला कळलं."

"गंज भरला तर रडतेस?" ते म्हणाले. दम खात खात, पण थट्टेच्या सुरात. "आमच्याकडे गंज भरला तर लोक पंगतीला बसतात. रिकामा झाला तर रडतात. कोकणात सगळं उलटंच दिसते."

मला त्यांचा राग आला. "गप्प पडून राहा," मी म्हटलं.

मृण्मयीने डोळे पुसले आणि दारात आली. "पंगतीला? गंज भरल्यावर पंगतीला का बसतात?"

"आता घ्या. गंज रिकामा ठेवून पंगत बसवतात का कुठे?"

"काका, गंज म्हणजे काय?"

हे माझ्याकडे पाहून म्हणाले, "हिला गंज माहीत नाही, आणि ही आपल्याला रसायन शिकवून राहिली. काकूच्या हातात काय आहे ते पाय."

मी हातातलं भांडं वर धरलं. तिने त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"हे पातेलं आहे," ती म्हणाली.

"तुमच्याकडे पातेलं. आमच्याकडे गंज."

"आणि लोखंडावर चढतो तो? तांबडा?"

"तो जंग," मी म्हटलं. "जंग लागला म्हणतो आम्ही."

ती फोनकडे धावली. हँडल फिरवलं. यावेळी तिने फोन कानापासून थोडा दूर धरला, आणि बेबीचा खरखरता आवाज मलाही ऐकू आला.

"बेबीताई, गंज कुठला भरलाय म्हणालात?"

"पाण्याचा वं माय. छपराचं पाणी गाळून ज्याच्यात येते तो. मोठा. दोन्ही ओळींचे दोन्ही गंज काठोकाठ भरले. तुम्हीच तर विचारता न रोज, गंज किती चढला, किती उतरला. मी रोज सांगून राहिली."

"आणि पत्रे? झरोक्यातून पत्र्यांवर जंग किती आहे?"

"जंग विचाराचा होता तर जंग म्हणाचं. थांबा."

फोन तसाच ठेवून ती गेली. खरखर ऐकू येत राहिली. मृण्मयीने माझा हात धरला होता, आणि मी अजून गंज धरून उभी होते.

बेबी परत आली. "पयल्या ओळीत खालून वीतभर जंग आहे. हिरवट. वर सगळं राखेसारखं. दुसऱ्या ओळीत त्याहून कमी."

"टॉर्च लावून पाहिलं?"

"टॉर्च लावून पायलं. सगळे झरोके पायले. अजून अर्ध्याच्या वर लोखंड मोकळं आहे, मॅडम. काडीमोड झालेलं."

मृण्मयी फोनात म्हणाली, "मेन स्वीच चालू करा."

नंतर तिने मला सगळं उलगडून सांगितलं, आणि मग आम्हाला हसू आवरेना. वर्गात ती म्हणायची, वीज देताना गंज चढतो. आम्हाला चुलीवर चढणारा गंज माहीत, म्हणून आम्ही समजलो की ती बॅटरीच्या पाण्याच्या गंजाबद्दल बोलते. आणि दुर्दैव असं की तो गंज अगदी तिच्या म्हणण्याप्रमाणेच वागत होता. ऊन असलं की बॅटरी चार्ज व्हायची, पाणी फुटायचं, बेबी गंजातलं पाणी काढून बॅटरीत घालायची. गंज उतरायचा. ढग असले की चार्जिंग नाही, पाणी घालायची गरज नाही, वरून पाऊस. गंज चढायचा. बेबी कळवायची, आज गंज उतरला. मृण्मयी म्हणायची, छान, म्हणजे चार्जिंग नीट झालं. दोघी रोज एकमेकींशी बोलत होत्या, दोघींचंही बरोबर होतं आणि दोघी वेगळ्याच गोष्टी बोलत होत्या. पेटी चालू होती तोवर काही अडलं नाही. पेटी जळाली आणि सगळा भार त्या एका शब्दावर आला.

"पण मी फळ्यावर लिहिलं होतं," ती मला म्हणाली. "तुम्ही वाचलंत."

"वाचलं न. गंज असंच लिहिलं होतं तू."

सिस्टरने मशीन सुरू केलं. आधी ते आपलं आपणच पाणी गाळत घरघरलं, मग बारीक शिट्टी दिली आणि हिरवा दिवा लागला. बोट आली तेव्हा त्या माणसांना मृण्मयीने ओसरीत चहा दिला आणि परत पाठवलं. कशासाठी बोलावलं होतं ते त्यांना सांगताना ती इतकी गोंधळली की त्यांना वाटलं ही पोर आजारी आहे. त्यातला एक आमच्याकडच्याच वरोऱ्याचा होता. त्याला एका वाक्यात समजलं आणि तो गुडघ्यावर हात मारत हसला.

बेबी पलीकडून तासातासाला फोन करत होती. "जंग दोन बोटं वाढला." मग, "अजून बोटभर." आता ती प्रत्येक वेळी जंग हा शब्द असा ठणकावून म्हणायची की मृण्मयीला फोन कानापासून लांब धरावा लागे. गावातलीही माणसं दारात येऊन जात होती. कोणी आत येत नव्हतं, नुसता हिरवा दिवा पाहून परत जायचे.

दुपार कलली तसा ह्यांचा श्वास खाली बसला. आधी बोलताना दम लागायचा, मग दोन शब्द सलग यायला लागले, मग वाक्यं. पायांवर अंगठा दाबला तर सकाळी खड्डा पडत होता, आता तेवढा पडेना. सिस्टरने पुन्हा छातीला नळी लावून ऐकलं आणि माझ्याकडे पाहून होकाराची मान हलवली. त्या मानेला मी इतकी वर्षं ओळखत होते, मला पुरलं.

मी खाटेशी स्टुलावर बसले. बाहेर पाऊस तसाच होता. ढगांत कुठेही फट नव्हती आणि उद्या ऊन पडेल असं कोणी म्हणत नव्हतं. पण बॅटरीत लोखंड होतं, आणि त्या लोखंडाचं ऑक्सिजनशी लग्न पलीकडे ढिगाऱ्यावर सावकाश लागत होतं. वरात तारेतून इकडे येत होती आणि ह्यांच्या रक्तातली घाण काढत होती. हे सगळं मला आता समजत होतं, आणि समजत होतं म्हणून त्या घरघरीची भीती वाटत नव्हती.

"अनू," ते म्हणाले.

"काय?"

"सकाळी मी तुले विचारलं होतं. तू उत्तर नाही दिलं. गंज घेऊन पळाली."

"पाणी निवलं होतं."

"ते राहू दे. काय म्हणणार होतीस? जा की थांबा?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर सकाळची ती सूज नव्हती. डोळे खाणीतून वर आलेल्या माणसासारखे मिचमिचत होते. मला खोटं बोलता आलं असतं. जा म्हणणार होते असं सांगितलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं की बायकोला आपण हवे आहोत. थांबा म्हणणार होते असं सांगितलं असतं तरी बरं वाटलं असतं, की बायकोने आपलं ऐकलं.

"मले काय माहीत," मी म्हटलं. "मी तर पाणी गरम करेपर्यंत वेळ मागून घेतला होता. ठरवलंच नव्हतं काही."

"पाणी गरम व्हायले किती वेळ लागते?"

"मी चूल बारीक ठेवणार होती."

ते हसायला लागले. आधी नुसते ओठ, मग पोट हलायला लागलं, आणि मशीनने लगेच टिकटिक केली, कारण सुई ज्या हातात होती तो हातही हलत होता.

"वासुदेवभाऊ, हसू नका," सिस्टर आत येऊन म्हणाली. "हात हलून राहिला."

मग ते हात न हलवता हसत राहिले.